पाकीट नेहमी इस्त्रीनंतर

३ मार्च, सोमवार

बंदी उठवणार म्हणे!

दुपारी रेडिओवर ऐकलं आणि सुई बोटात गेली. विरोधी पक्षाच्या बाई भाषण करत होत्या — आम्ही निवडून आलो तर फौजेतली ती बंदी पहिल्याच अधिवेशनात उठवू. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष असो, बाईवर प्रेम करणारी बाई असो, त्या कारणावरून कोणाला गणवेश उतरवावा लागणार नाही. ज्यांचा आजवर उतरवला त्यांना हुद्दा परत. आणि त्यांची फाइल त्यांच्या हातात — कोणी काय सांगितलं, कसं उघडकीला आलं, सगळं वाचायला मिळेल.

हुद्दा परत, इथे मला हसू फुटलं. फाइल हातात, इथे सुई गेली.

पडद्यामागे दादा इस्त्री करत होता. वाफेचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"ऐकलंस का दादा?"

"कॉलर करपेल. बोलू नकोस."

दुकानाच्या जुन्या शिंपी मास्तरांनी लावलेली सवय — वहीत दिवसाचे उपकार लिहायचे, तक्रारी नाही. तर आजचे उपकार: रेडिओचे. आणि बोटाला गुंडाळायला पांढरी चिंधी हाताशी होती तिचे.

४ मार्च, मंगळवार

जुनी वही परवा संपली, ही नवी. आधीच्या एकाही वहीत लिहिलं नाही ते इथे एकदाच लिहून टाकते. एकतीस वर्षं झाली त्याला.

छावणीच्या फाटकासमोरचं हे दुकान तेव्हा मास्तरांचं. मी बावीस वर्षांची, काजं-बटणं करणारी. दादा आत सार्जंट. बाहीवर तीन फिती, चालला की बूट वाजायचे आणि इकडे माझी मान ताठ व्हायची. मास्तरांचा नियम होता — गणवेश आला की आधी खिसे रिकामे करायचे. जे निघेल ते कागदी पाकिटात घालायचं आणि पाकीट टाचणीने कमरपट्टीला लावायचं. वाचायचं नाही, उलगडायचं नाही.

परेडच्या आदल्या दिवशी चाळीस विजारी आल्या. दादाच्या विजारीत घडी घातलेला कागद निघाला. तो मी पाकिटात घातला. आता, टाचणीवरून इस्त्री फिरली की कापडावर वळ उठतो, तो जन्मात जात नाही. म्हणून इस्त्रीआधी पाकिटं काढून बाजूला ठेवली. टेबलावर तेव्हा दोन विजारी होत्या — एक दादाची, एक कुठल्याशा ड्रायव्हरची. एकच माप, एकच रंग. परत लावताना अदलाबदल झाली. दोन टाचण्या, दुसरं काही नाही!

तो कागद म्हणजे दादाने बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याला लिहिलेलं पत्र होतं. द्यायचं राहून गेलेलं. वर नाव नाही, खाली सही नाही. ते ड्रायव्हरच्या बराकीत गेलं, तिथे कोणीतरी वाचलं, तिथून साहेबाच्या टेबलावर. आठ दिवसांत दादा फाटकाबाहेर. अक्षरावरून पकडला असणार. तेरा वर्षांची नोकरी एका कागदाने पुसली — 'सैनिकाला न शोभणारं वर्तन'. क्लॅरिनेटवाल्याचं नाव त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो पुढच्या वर्षी लांबच्या ठाण्यावर बदलून गेला आणि तिथेच तापाने वारला.

त्या दिवशी दादा सरळ दुकानात आला. कोट माझ्यापुढे ठेवला. "बारके, फिती उसव. टाके दिसता कामा नयेत." मी उसवल्या. एकही टाका दिसला नाही. फिती बटणांच्या डब्यात ठेवल्या, अजून तिथेच आहेत.

पत्र ड्रायव्हरला पाकिटात मिळालं, हे फाटकावरच्या गप्पांतून कळलं तेव्हा अदलाबदल माझ्याच हातून झाली हे लक्षात आलं. मास्तरांना कळलं असतं तर मी रस्त्यावर आले असते आणि छावणीचं काम मास्तरांच्या हातून गेलं असतं. मी गप्प बसले. आज बसते, उद्या सांगते, असं करत एकतीस वर्षं.

दादाला माहीत नाही. लोकांना सांगतो, "सगळ्यांनी दार लावलं, बहिणीने उघडलं." तो असं बोलला की मी काहीतरी कापायला घेते.

९ मार्च, रविवार

सुट्टी. दादाने अंडी उकडली, मी पाव भाजला. उन्हात बसून त्याने केस विंचरले. केस कसले — मोजून घ्यावेत एवढे! आणि तो तपकिरी कंगवा, अर्धे दात पडलेला. मी दोनदा नवा आणून दिला. दोन्ही कपाटात पडून आहेत. "याची सवय झालीय," म्हणतो. म्हाताऱ्या माणसांचे लाड म्हणजे काय सांगावं.

त्याचे डोळे आता फार अधू झालेत. मोतीबिंदू. नोव्हेंबरची तारीख मिळालीय ऑपरेशनची. इस्त्री मात्र हाताच्या अंदाजाने अशी करतो की सुरकुतीने लाजून निघून जावं. तो नोकरीवरून निघून इथे कामाला लागला त्या पहिल्याच दिवशी त्याने मास्तरांना सांगून नियम बदलून घेतला — पाकीट लावायचं ते इस्त्रीनंतर. आणि लावण्याआधी आतली वस्तू मोठ्याने सांगायची. "अडोतीस नंबर, रुमाल एक, किल्ली एक!" पण कारण त्याने सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. फौजी शिस्त असेल, असं मनाला समजावलं.

त्या नियमाने एकतीस वर्षांत एकही चूक झालेली नाही. उपकार त्याचे.

१४ मार्च, शुक्रवार

निवडणुकीने गल्लीला ताप आणलाय. समोरच्या बेकरीवाल्याने दारावर सरकार पक्षाचं पोस्टर डकवलं. विजार न्यायला आला आणि गल्ल्यावर कोपर टेकून देशाचं संरक्षण करायला लागला.

"बाई, मला कोणाचं वाईट चिंतायचं नाही. पण फौज म्हणजे फौज. तिथे हे सुरू झालं तर शिस्त राहील का? एकाच बराकीत झोपणार, एकाच न्हाणीत — तुम्हीच सांगा!"

पडदा हलला नाही, पण वाफ थांबली होती.

मी म्हटलं, "तुझ्या विजारीची घडी कशी आहे?"

"एक नंबर. नेहमीसारखी."

"वीस वर्षं ती घडी दादाच घालतोय. तुझी काही शिस्त बिघडली का रे?"

बेकरीवाला कानापर्यंत लाल! "तो वेगळा," म्हणाला. "तो आपला माणूस." म्हणजे प्रत्येकाला ओळखीचा एक सोडून बाकी सगळ्यांची भीती. गंमतच आहे.

तासाभराने त्याने गरम पाव पाठवला. पोस्टर तसंच आहे. पाव छान होता.

२१ मार्च

माझ्या मनात आज एक घाण विचार आला — सरकारच परत आलं तर? फाइल बंदच राहील. लिहिला. लिहिल्यावर फारच घाण दिसला.

२ एप्रिल, बुधवार

उमेदवार दुकानात! विरोधी पक्षाचा, आपल्या मतदारसंघातला. फाटकासमोर सभा होती आणि ऐन वेळी कोटाचं बटण तुटलं. घामाने डबडबलेला, बरोबर चार माणसं. मी बटण लावेपर्यंत शर्टवर उभा राहिला — घामाने चिकटलेल्या शर्टातून दिसलं, बिचाऱ्याची बनियन भोकाची होती. मतदारांना हे दिसलं असतं तर निवडून आलाच असता.

मी विचारलं, "ते बंदीचं खरंच करणार, की मतांपुरतं?"

त्याने आधी ठेवणीतलं हसून पाहिलं. मग पडद्याकडे नजर गेली. पडद्याखालून दादाचे बूट दिसतात — अजून रोज पॉलिश करतो. उमेदवार हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू? या भागात त्या आश्वासनाने माझी मतं जातायत. पक्षातले म्हणतात, इथे तेवढं वाक्य गाळ. निम्मा मतदारसंघ छावणीवर जगतो."

"मग गाळणार?"

तो कोट घालून गेला. मी दारात उभी राहून भाषण ऐकलं. रस्ते झाले, पाणी झालं, दवाखाना झाला. मला वाटलं, गाळलंन. आणि खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं! मग अगदी शेवटी, उतरता उतरता, परत माइककडे वळला आणि बोलला. नीट बोलला. टाळ्या दोन-तीनच. एक शिट्टीही आली, ती शाबासकीची नव्हती.

पडद्यामागून दादा म्हणाला, "बटण घट्ट लावलंस ना?"

१० एप्रिल, गुरुवार

कॅप्टनबाई आल्या. छावणीच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत, पस्तिशीच्या, बोलणं इंजेक्शनसारखं — पटकन आणि मुद्द्याचं. बाह्या आखूड करायच्या होत्या. माप घेताना दोनदा चुकीचाच हात पुढे केला त्यांनी.

"बरं नाही का?"

"आमच्या हॉलमध्ये टीव्हीवर त्या बंदीवरून वादविवाद चालला होता. बाजूला माझे सगळे सोबती. एक म्हणाला, असल्यांच्या हातून मी पट्टीसुद्धा बांधून घेणार नाही. त्याचं अपेंडिक्स मागच्या महिन्यात मीच काढलं."

एवढंच बोलल्या. मी मापाची पट्टी धरून उभी. नऊ वर्षं त्या ज्या शिक्षिकेबरोबर राहतात तिला सगळ्यांत 'मावसबहीण' म्हणतात. दोघींचे कपडे माझ्याकडेच येतात — मला कळणार नाही होय!

तेवढ्यात पडदा सरला. दादा बाहेर आला! गणवेशातलं माणूस दुकानात असताना तो एकतीस वर्षांत बाहेर आलेला नाही. त्याने त्यांचा इस्त्री केलेला कोट दोन्ही हातांवर धरून पुढे केला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "सार्जंट होतो मी, कॅप्टन. याच कारणाने घरी गेलो."

त्या बघतच राहिल्या. मग कोट घेतला, आणि म्हणाल्या, "थँक यू, सार्जंट."

सार्जंट! दादा आत गेला तो अर्धा तास इस्त्रीचा आवाज नाही. मी गेले नाही. काही वेळा पडदा पडदाच राहू द्यावा.

आज उपकार लिहायला जागा पुरणार नाही.

२० एप्रिल, रविवार

पुढच्या रविवारी मतदान. दादाने एकतीस वर्षांत मत दिलेलं नाही. "ज्यांनी माझा कोट उसवायला लावला त्यांच्या पेटीत मी काय म्हणून चिठ्ठी टाकू? त्यांचं माझ्यावाचून अडलेलं नाही."

मी म्हटलं, "कॅप्टनबाईंचं अडलंय."

चहा निवला तरी प्यायला नाही. मग विचारलं, "माझा तो करडा कोट कुठे आहे ग?"

मी कपाट उघडलं. मीच, माझ्या हाताने. त्याच्या मतामुळे ते निवडून आले तर मी स्वतःचा फास स्वतःच विणणार. विणेन. कोट खांद्यात अर्धा इंच सैल झालाय, तेवढा आत घेतला.

२७ एप्रिल, रविवार

मत दिलं. दोघांनी.

शाळेच्या व्हरांड्यात लांब रांग. दादा करड्या कोटात, कंगवा फिरवून, बूट चकचकीत. बेकरीवाला रांगेत आमच्या पुढे. वळून म्हणाला, "तुम्हाला पुढे जायचं का? डोळ्यांना ऊन लागेल." दादा म्हणाला, "रांगेत उभं राहायची सवय आहे." दोघंही हसले.

नजरेमुळे दादाबरोबर आत मदतनीस चालतो, म्हणून बूथवाल्या बाईंनी मला जाऊ दिलं. त्याने बोट फिरवत विचारलं, "कुठला ग?" मी त्याचं बोट बरोबर जागी नेऊन ठेवलं. मग माझं मत. पडद्याआड एकटी. तिथे मला कोणी बघत नव्हतं, आणि हात क्षणभर दुसरीकडे गेला, हे खरं. परत आला, हेही खरं.

बाहेर दादा म्हणाला, "एवढ्याशा कामाला एकतीस वर्षं लावली मी!" पोरासारखा खूश.

२९ एप्रिल, मंगळवार

आले निवडून! पण स्वतःच्या बळावर नाही, एका छोट्या पक्षाच्या कुबड्या घेऊन. आपला भोकाच्या बनियनवाला पडला. आपटलाच. मला फार वाईट वाटलं. ते वाक्य गाळलं असतं तर आला असता म्हणतात.

त्याला चिठ्ठी लिहिली — बटणं जन्मभर फुकट लावून देईन.

३१ मे

छोटा पक्ष अडून बसलाय. बाकी सगळं मान्य, फौजेचं तेवढं नंतर बघू, म्हणे. राजकारणात 'नंतर' नावाचं मोठं गोदाम असतं, तिथे गेलेला माल परत येत नाही.

दादा बातम्या बंद करून इस्त्रीला गेला. बूट पॉलिश केले नाहीत. आज पहिल्यांदाच.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्या बुटांकडे बघवेना. मीच केले, त्याचा डोळा लागला होता तेव्हा.

१८ जुलै, शुक्रवार

नऊ मतांनी. नऊ! बंदी उठवायचं विधेयक पास झालं! छोटा पक्ष शेवटी वळला.

बातमी आली तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं. कॅप्टनबाई धावत आल्या, टोपी हातात, मागे 'मावसबहीण'. येताच म्हणाल्या, "ही माझी मावसबहीण नाही." मी म्हटलं, "नऊ वर्षांपासून माहितीय हो, तुमच्या कपड्यांना एकाच घरातल्या साबणाचा वास येतो!" तिघी रडलो आणि हसलो, कुठलं कधी ते कळलं नाही. बेकरीवाला पावाची परात घेऊन आला. "मी मत त्यांना दिलं नव्हतं," म्हणाला, "पण पाव दिलाय." दादाने त्याला मिठी मारली. पीठ लागलं सगळ्या कोटाला.

देवा, माझ्यासारखीला हा दिवस दाखवलास. उपकार, उपकार, उपकार.

२१ जुलै, सोमवार

दादाने पडदा काढून टाकला. धुऊन घडी करून ठेवला. आता फाटकातून येणाऱ्याला तो दिसतो, इस्त्रीवर वाकलेला. "उजेड जास्त येतो," म्हणाला. त्याला उजेडाचा काय उपयोग, दिसत तर नाही! पण खरंच आलाय उजेड.

१२ ऑगस्ट, मंगळवार

हुद्दा परत मिळवायचा अर्ज आला. दादाला दिसत नाही, मग भरणार कोण — मीच. नाव, हुद्दा, तुकडी. शेवटचा रकाना: 'चौकशीच्या फाइलची प्रत हवी आहे काय? होय / नाही.'

दादा समोर बसून बटणं निवडत होता. "झालं का?"

मी 'नाही'वर खूण केली.

"झालं," म्हटलं. त्याचा हात धरून सहीच्या जागेवर ठेवला. त्याने सही केली. केवढ्या विश्वासाने!

लिहिताना सुद्धा माझी मलाच किळस येतेय. फौजेनेही त्याच्याशी हेच केलं होतं, त्याच्या वतीने ठरवून टाकलं.

१३ ऑगस्ट

सकाळी पहिल्यांदा अर्ज फाडला. चालत जाऊन नवा आणला. 'होय'. दादाला सांगितलं, शाई सांडली होती, परत सही कर. केली. पेटीत टाकून आले.

पाय हलके झाले, भीती मात्र तशीच.

६ ऑक्टोबर, सोमवार

टपाल आलं. वरचं पत्र मी उभ्या उभ्या वाचून दाखवलं — 'सार्जंट हा हुद्दा सन्मानपूर्वक पूर्ववत करण्यात येत आहे.' दादा म्हणाला, "परत वाच." पाच वेळा वाचलं. पाचव्या वेळेला त्याचे ओठ बरोबर हलत होते.

खाली जाडजूड पिवळी फाइल.

"ही शनिवारी वाच," म्हणाला. "शनिवारी दुकान अर्धा दिवस. निवांत वाच. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक ओळ गाळायची नाही."

"नोव्हेंबरात डोळे होतील, तेव्हा तूच वाच ना."

"तुझ्या आवाजात ऐकायचीय."

८ ऑक्टोबर, बुधवार

फाइल शिलाई मशीनशेजारी आहे. मी उघडलेली नाही. आधी सांगावं, फाइलने सांगण्याआधी मी सांगावं, एवढं तरी करावं.

दुपारी म्हटलं, "दादा, मला तुला काही सांगायचंय."

"शनिवारी," म्हणाला. "तेवीस नंबर, चाव्यांचा जुडगा एक!"

मी पाकीट लावलं. इस्त्रीनंतर.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या.

हे घर, हे दुकान, एकतीस वर्षांचा त्याच्या हातचा चहा — उद्यानंतर काय राहील माहीत नाही. तो निघून गेला तर त्याचा हक्कच आहे. पण इतकी वर्षं मिळाली. चोरीची असली तरी मिळाली. त्याबद्दल उपकार मानायचे नाहीत तर मग कशाबद्दल मानायचे?

बटणांचा डबा काढून ठेवलाय. तिन्ही फिती हळूच धुतल्या. रंग गेलेला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

वाचली. पहिली सहा पानं ड्रायव्हरची. पत्र त्याचंच समजून त्याला दोन दिवस कोंडून ठेवलं होतं. मला हे कधी कळलंच नव्हतं. अक्षर कोणी ओळखलं नव्हतं. दादाचं नावही कोणी घेतलं नव्हतं.

सातवं पान दादाचा जबाब. स्वतः होऊन दिलेला. 'पत्र माझं आहे. ड्रायव्हरला सोडा. घाईत ते मीच त्याच्या पाकिटात घातलं. शिंप्याच्या दुकानाकडून काहीही चूक झालेली नाही.'

माझं बोट त्या ओळीवरच राहिलं.

"थांबलीस का? एवढंच ऐकायचं होतं," दादा म्हणाला. खिशातून तो तपकिरी कंगवा काढला आणि चाचपत मशीनवर ठेवला. "माझ्या पाकिटात हा आला होता, बारके. त्या ड्रायव्हरचा. परत द्यायचा राहून गेला बघ."